चुन्याच्या दगडांच्या आत

परत आल्यावरचा पहिला रविवार साडीच्या काठातली कुसळं उपटण्यात गेला. शेजारच्या कमलताईंनी गॅलरीतून विचारलं, "कुठं जाऊन आलात?" मी म्हटलं, सोलापूरला. "तिथं काय पाहिलंत?" मी म्हटलं, गवत. त्यांना ती थट्टा वाटली. थट्टा नव्हती. बावीस वर्षं मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते आहे आणि त्यातली निम्मी गवत मोजण्यात गेली आहेत. पण या खेपेला गवतापलीकडचंही काही पाहिलं आणि काही करूनही आले. ते लिहून ठेवते.

पुण्यात आमचं पक्षीप्रेमींचं एक लहानसं मंडळ आहे. सोलापूरच्या उत्तरेला खडकवाडी नावाचं गाव आणि त्याला लागून मैलोगणती पसरलेला माळ. त्या माळावर माळढोक राहतो. शाळेत जाऊ लागलेल्या पोराएवढा उंच, उघड्यावर वावरणारा पक्षी. नर घुमतो त्या आवाजावरून तिकडची माणसं त्याला हूम म्हणतात. मादी एकच अंडं घालते आणि तेही उघड्या जमिनीवर. पाऊसकाळात ती अंड्यावर बसते आणि नेमकी त्याच दिवसांत धनगरांची मेंढरं नव्या गवतासाठी माळावर असतात.

गेल्या वर्षी मंडळाने गावच्या धनगरांशी एक करार केला होता. माळाचा एक तुकडा चुन्याने रंगवलेले दगड ठेवून आखून घेतला. दसऱ्यापर्यंत त्या दगडांच्या आत मेंढरं जाणार नाहीत. बदल्यात मंडळ सरकारदरबारी लिहील, की या माळावर चर खणून झाडं लावू नका, तो गवताचा आहे, गवताचाच राहू द्या. दुष्काळानंतर दिसेल त्या उजाड जागेवर झाडं लावायची एक लाट आली होती, त्यामुळे धनगरांनाही ते हवंच होतं.

यंदा मंडळात दोन तट पडले. निम्म्यांचं म्हणणं, करारबिरार राहू दे, मेंढरं कायमची बाहेर काढा आणि माळ बंद करा. सरकारला अर्ज जायचा होता, त्यासोबत अहवाल हवा होता. तो लिहायला मला आणि बर्व्यांना पाठवायचं ठरलं.

मला जायचं नव्हतं. उन्हाळाभर आईचं दुखणं चाललं होतं. आषाढात ती गेली. त्यानंतर माझ्यात 'नाही' म्हणण्याएवढंही त्राण उरलं नव्हतं, म्हणून गेले.

सोमवार, सोलापूर

जेऊर मागे पडलं की खिडकीतला हिरवा रंग विरळ होत जातो. बर्वे समोरच्या बाकावर कॅमेऱ्याची पेटी मांडीवर घेऊन बसले होते, जावळ काढायला नेतात त्या बाळासारखी. ते तारखात्यातून निवृत्त झालेले, वय साठ. निवृत्तीनंतर त्यांनी एक लांब भिंग घेतलं होतं आणि तेव्हापासून त्यांना एकच ध्यास होता: अंड्यावर बसलेली माळढोकाची मादी.

सोलापूरला स्टेशनबाहेर टांगेवाल्याने आमचं सामान पाहून विचारलं, कुठं निघालात. मी माळाचं सांगितलं. "उधर क्या है बाई," तो म्हणाला, "पत्थरां हैं." एस. टी. स्टँडवर भाकरी आणि शेंगाची चटणी खाल्ली. आमच्याकडे चटणी पानाच्या डाव्या बाजूला चिमूटभर वाढतात. इथं ती भाकरीच्या मधोमध मूठभर आली आणि त्यावर तेल. जिभेला चटका बसला, तेवढीच जाग आली.

एस. टी.ने फाट्यावर उतरवलं. तिथून तीन मैल पायी. अर्ध्या वाटेत माझ्या चपलेचा अंगठा तुटला. आम्हाला न्यायला आलेला म्हाळाप्पा खाली बसला, बाभळीचा काटा आणि लोकरीचा दोर घेऊन त्याने तो जागच्या जागी ओवून दिला. पन्नाशीचा, उंच, कमी बोलणारा माणूस. गावातल्या धनगरांच्या वतीने करार त्यानेच केला होता.

"पुन्यात असली चप्पल चालती व्हय?" त्याने विचारलं.

"पुण्यात एवढं चालावं लागत नाही," मी म्हटलं.

मंगळवार, खडकवाडी

आम्ही शाळेच्या खोलीत उतरलो होतो. सकाळी हुलग्याचं माडगं प्यायलो आणि म्हाळाप्पाबरोबर माळावर गेलो. माळ पाहण्याची डोळ्यांना सवय व्हावी लागते. आधी काहीच दिसत नाही. मग कळतं, की हे एक गवत नाही, सात-आठ जातींची गवतं आहेत. कुठं पवन्या, कुठं मारवेल, खडकाळ उंचवट्यावर नुसती कुसळी. मेंढरं चरतात त्या भागात गवत घोट्याएवढं होतं, आणि पहिला हूम आम्हाला तिथंच दिसला. नर होता. मान ताठ ठेवून, घाई नसलेल्या जमीनदारासारखा चालत होता.

हे मी वहीत लिहून घेतलं, कारण अहवालाचा जीव त्यातच होता. पुण्याजवळचं एक बंद केलेलं कुरण मी पाहिलं आहे. तिथं चार वर्षांत गवत छातीला लागलं आणि माळावरची पाखरं निघून गेली. त्यांना दूरवर दिसावं लागतं. म्हणजे मेंढरं हवीत, पण बेतानं आणि वेळ पाहून. धनगर आणि पक्षी यांच्यात वैर आहे असं आम्ही पुण्यात बसून ठरवलं होतं. माळाला ते ठाऊक नव्हतं.

चुन्याच्या दगडांपाशी म्हाळाप्पाची बहीण भेटली, गोदाबाई. नवरा गेल्यावर माहेरी आलेली. तीसेक मेंढरं तिची स्वतःची. दोन्ही काखांत एकेक कोकरू होतं.

"तळं हितं हाय, हाकेवर," तिने दगडांच्या पलीकडे हनुवटीने दाखवलं. "पर आतनं जायाचं न्हाई. भवतीनं अर्धा कोस पडतंय. मेंढरं चालत्यात की. कोकरांस्नी उचलून न्यावं लागतंय."

"राग येत नाही?"

"कुनाचा? पाखराचा का तुमचा?"

ती कोकरांना वर सरकवून पुढे गेली. तिच्या चालण्यात माझ्याच चालण्यासारखं काही होतं. शीण झाला तरी थांबायची सोय नसलेल्या बाईचं चालणं.

म्हाळाप्पाने एका बोरीच्या झुडपाआडून आत दाखवलं. बराच वेळ पाहिल्यावर गवतातल्या दगडाला मान फुटली. मादी बसली होती.

"हितनंच बगायचं," तो म्हणाला. "मेंढरास्नी न्हाई, मानसास्नी बी न्हाई. गेल्या साली आमची लोकं म्हनली, पुन्याची मानसं आज दसऱ्यापतोर म्हनत्यात, उद्या कायमचं म्हनतील. मी म्हनलं, बिरोबाम्होरं बोललेत, बगू की."

बुधवार

आता जे सांगायचं आहे ते सरळ सांगते.

सकाळी म्हाळाप्पा मेंढरं घेऊन पलीकडच्या उतारावर गेला होता. आम्ही दोघेच बोरीपाशी होतो. बर्वे म्हणाले, "इथून काही येत नाही हो. मान आहे की काटकी आहे, कळणार नाही. दहा मिनिटं आत जाऊन येऊ."

मी त्यांना अडवायला हवं होतं. अडवलं नाही, आणि फक्त थकव्यामुळे नाही. अंड्याभोवतीच्या गवताची उंची मला हवी होती. तो आकडा अहवालात असला की माझं म्हणणं कोणी खोडू शकणार नाही, असं वाटलं. माणूस चूक करताना कारण नेहमी चांगलं असतं.

आम्ही दगड ओलांडले. चाळीस पावलांवर मादी उठली, उडाली नाही, मान खाली घालून चालत निघून गेली. जमिनीवर एक अंडं होतं, ओल्या मातीच्या रंगाचं, खाली काडीचाही आधार नाही. मी पट्टी धरली. बर्व्यांनी फोटो घेतले. रीळ संपलं, ते उन्हापासून आडोसा करत बदलत बसले. दहा मिनिटांचा अर्धा तास झाला.

बोरीपाशी परत येऊन मादीची वाट पाहत बसलो. ती आली नाही. कावळे आले. दोन. आम्ही जिथं उभे होतो तिथंच उतरले. माणूस कशासाठी वाकला होता ते पाहून ठेवलं असावं त्यांनी. बर्वे धावले. साठ वर्षांचा माणूस हातातली टोपी फिरवत, कुसळीतून ठेचकाळत. मीही गेले. पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. कवच फुटलेलं आणि आतलं जमिनीत मुरत चाललेलं.

बर्वे तिथंच खाली बसले. मग म्हणाले, "कावळ्यांनी खाल्लं असं लिहा. खोटं नाही त्यात काही."

"तेवढंच लिहिलं तर मंडळात काय म्हणतील ठाऊक आहे तुम्हाला. मेंढरांमुळे मादी उठली म्हणतील. माळ बंद होईल."

"आणि सगळं सांगितलं तर हे लोक उद्या मेंढरं आत सोडतील. मग पुढच्या वर्षी काय राहील?"

त्यांचं म्हणणं खुळं नव्हतं. आम्ही खोलीवर आलो, दार लोटून घेतलं, जेवलो नाही.

दिवस कलता म्हाळाप्पाने निरोप पाठवला, बिरोबाच्या देवळात या. पंधरा-वीस माणसं बसली होती. मधे घोंगडं आणि त्यावर अंड्याच्या कवचाचे तुकडे. दुपारी बोरीआडून मादी दिसेना म्हणून तो आत गेला, तेव्हा त्याला ते सापडले होते. दगड ओलांडले गेले तर काय करायचं हेही करारात ठरलेलं होतं: ज्याचं जनावर आत शिरून पाखरू उठवेल त्याने दोन दिवस दगडांपाशी राखणीला बसायचं, आणि तोवर त्याची मेंढरं वाडग्यात, काटेरी कुंपणाच्या आत, कोंडून राहणार.

म्हाळाप्पाने आमच्याकडे पाहिलंही नाही. आपल्या माणसांना विचारलं, "कुनाचं जनावर गेलंतं?"

मग बायकांच्या बाजूने गोदाबाई उठली. "माजी दोन कोकरं गेलती, दादा. सकाळच्या पारी. मी लगीच हाकून आनली. पर त्यानंच पाखरू उटलं आसंल."

"मग मेंढरं कोंडावी लागतील, गोदा."

"कोंडा की. नेम त्यो नेम."

तिच्या कोकरांना आयांच्या दुधाशिवाय आधार नव्हता आणि आयांना गवताशिवाय. दोन दिवस कोंडून दूध आटलं असतं. हे तिथं सगळ्यांना कळत होतं, तिला सर्वांत जास्त.

खरं बोलायला धैर्य लागतं म्हणतात. माझ्याजवळ धैर्य नव्हतं. मला वाटतं, एवढं मोठं खोटं उचलून पुण्यापर्यंत न्यायची ताकद माझ्यात उरली नव्हती, इतकंच. मी उभी राहिले. म्हटलं, "कोकरं गेली असतील, पण पक्षी उठला नव्हता. आम्ही आलो तेव्हा ती अंड्यावर बसलेली होती. आम्ही आत गेलो, तेव्हा ती उठली. अंडं आमच्यामुळे गेलं."

एक म्हातारा हळूच म्हणाला, "म्हंजे दगड मेंढरास्नी. मानसास्नी न्हाईत."

तेवढ्यात बर्वे उठले. त्यांचा आवाज चिरका झाला होता. "बाईंनी नुसती पट्टी धरली होती. आत जाऊ म्हणणारा मी. रीळ बदलण्यात वेळ घालवला तोही मीच."

कोणी ओरडलं नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं. दोघे-तिघे उठून निघून गेले. बाकीचे आपसात बोलत राहिले, काही कानडीत, ते मला कळलं नाही. म्हाळाप्पा कवचाकडे पाहत बसला होता. शेवटी म्हणाला, "नेम येकच हाय. दोन दिस राखन बसा."

"आन कोंडायचं काय?" म्हाताऱ्याने विचारलं. "ह्येंची मेंढरं कुटं हाईत?"

म्हाळाप्पाने बर्व्यांच्या गळ्यातल्या कॅमेऱ्याकडे पाहिलं. बर्व्यांनी तो काढून त्याच्या हातात दिला. तो त्याने खरोखरच नेऊन वाडग्यात, कुंपणाच्या मेढीला टांगला.

गुरुवार आणि शुक्रवार

राखण म्हणजे बसणं. इतकं सोपं आणि इतकं अवघड काम मी आधी केलेलं नाही. पाऊस दडी मारून बसला होता. छत्रीच्या सावलीत बसायचं, सावली सरकली की सरकायचं. बर्वे दगडांच्या एका टोकाला, मी दुसऱ्या टोकाला. मधे अर्ध्या मैलाचं गवत. पहिल्या दिवशी आईच्या आजारपणातल्या दुपारी आठवल्या. तिथंही माझं काम बसून राहणं हेच होतं. एकदा रडूही आलं. माळावर त्याची कोणी दखल घेत नाही, हे बरं असतं.

दुपारी गोदाबाईने फडक्यात भाकरी आणून दिली. मी म्हटलं, "तुमचं नाव काल उगीच आलं."

"उगीच कसं? कोकरं गेलती की." ती बसली, तळव्यातला काटा काढू लागली. मेंढरं मागे दगडांच्या कडेकडेने चालली होती, तीच लांबची वाट.

"आता आत अंडं नाही," मी म्हटलं. "सरळ तळ्यावर का नेत नाही?"

खुळा प्रश्न विचारणाऱ्याकडे पाहावं तसं तिने माझ्याकडे पाहिलं. "दसरा कुटं झालाय अजून?"

शुक्रवारी सकाळी मादी आली. दगडांच्या आत, त्याच जागी. जमिनीकडे पाहत फेरी घातली, थांबली, पुन्हा घातली. मग पलीकडे, मेंढरं चरतात त्या अंगाला निघून गेली. मी वहीत वेळ लिहिली. दुसरं काही लिहिता आलं नाही. बर्व्यांनीही पाहिलं होतं. संध्याकाळी ते एवढंच म्हणाले, "कॅमेरा नव्हता ते बरं झालं."

निघताना म्हाळाप्पाने कॅमेरा परत दिला. त्याला लोकरीचा आणि लेंड्यांचा वास लागला होता. फाट्यापर्यंत सोडायला तो आला नाही. मला ते लागलं, पण त्याचं काही चुकलं नव्हतं.

पुण्यात

अहवालाचं पहिलंच वाक्य मी असं लिहिलं: या वर्षीचं अंडं धनगरांनी करार पाळला असताना आमच्या हातून गेलं. मंडळाच्या बैठकीत चिटणीस मृदू आवाजात म्हणाले, "इथं 'नैसर्गिक कारणाने' म्हटलं तर? शेवटी कावळेच होते." मी म्हटलं, तसं लिहायचं असेल तर सही दुसऱ्या कोणाची घ्या. बर्वे माझ्याशेजारी बसले होते. म्हणाले, "सही दोघांची आहे." दोन तास वाद झाला. दोन सभासद उठून गेले. शेवटी अहवाल होता तसा गेला. माळ बंद करा अशी मागणी त्यात नाही. मेंढरं ठेवा, झाडं लावू नका, करार दर वर्षी धनगरांशी बसून करा, आणि मंडळाच्या माणसाने त्यांच्या परवानगीवाचून दगड ओलांडू नये, एवढं आहे. सरकारचं उत्तर अजून आलेलं नाही. माळावर चर पडलेले नाहीत, एवढंच सध्या कळलं आहे.

दसऱ्यानंतर आठवड्याने एक पोस्टकार्ड आलं. अक्षर शाळामास्तरांचं, बोलणं गोदाबाईचं.

"बाईंना नमस्कार. दसऱ्यापतोर दगड पाळलं. भायेरच्या अंगाला, जितं आमची मेंढरं चरत्यात तितं, येक हूम बसली हुती. तीच का दुसरी त्ये म्हाईत न्हाई. तितं दगड न्हवतं. दादानं समद्यास्नी सांगून मेंढरं तिकडनं काढली, आमी कुटं बोललो न्हाई. पिल्लू झालंय. तुमास्नी कळावं म्हनून ल्हिवलं. बगाय येऊ नका."

मी ते कार्ड बर्व्यांकडे नेलं. त्यांनी खिडकीपाशी जाऊन ते दोनदा वाचलं आणि परत दिलं.

"केवढं असेल हो पिल्लू आता?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही," मी म्हटलं, आणि आम्ही चहा घेतला.